कोणी न बोललेलं वाक्य

शनिवार, दुपारचे चार. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर दहा-बारा मुली एका लेखकावर तुटून पडल्या होत्या. मी टेबलाच्या टोकाला बसून टिपणं घेत होतो. शेजारी रेकॉर्डर चालू होता.

त्या खोलीत घडलं ते एवढंच. निदान तेव्हा तरी आम्हाला तसं वाटलं.

मी वर्तमानपत्रात काम करतो. ऐकीव गोष्टी छापायच्या नाहीत, यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे आधीच सांगतो, यात पदरचं काही घातलेलं नाही. नावं मात्र कोणाचीच देणार नाही. कारण यातली एक मुलगी माझी सख्खी भाची आहे.

घरात तिला आम्ही बबडी म्हणतो. तो लेखक तिचा होणारा नवरा.

त्याचं पुस्तक तुम्ही कदाचित वाचलंही असेल. तरुण मुलांसाठी लिहिलेलं आहे. भूत, खुनाचा तपास आणि प्रेम, तिन्ही त्यात आहेत. दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत पाणी साचलेलं असतं. काठावरून चालताना नायिकेचा पाय घसरतो. नायक हात देतो, पण तिचा हात निसटतो आणि ती बुडते. मग भूत होऊन परत येते, त्याला एका खुन्यापासून वाचवते. शेवटी त्याने दुसऱ्या मुलीवर प्रेम करावं म्हणून स्वतःहून कायमची निघून जाते.

मुखपृष्ठावर छापलंय, 'सत्य घटनेवर आधारित'. कॉलेजात असताना त्याची मैत्रीण खरंच अशी गेली होती. हे तो प्रत्येक कार्यक्रमात सांगायचा. लोक रडायचे.

बबडीही रडली होती. तिथेच जुळलं.

वाचकांच्या प्रतिक्रिया घ्यायला संपादकांनी मलाच पाठवलं. "जावईबापूंचं कौतुक करून आणू नका म्हणजे झालं," असं वर टोचलंही.

कौतुकाचा प्रश्नच आला नाही. मुली भडकलेल्या होत्या.

"मेल्यावरसुद्धा तिनेच समजून घ्यायचं का?" लांब वेणीवाल्या मुलीने सुरुवात केली.

"आणि हा लगेच दुसरीचा हात धरतो! अरे, कपडे तरी वाळू दे!"

सगळ्या हसल्या. चष्मेवाली तेवढी हसली नाही. "तिची आई कुठे आहे पण? अख्ख्या पुस्तकात आई एकदाही येत नाही. तिला कोणी सांगितलं?"

लेखक शांतपणे हसत होता. बबडीला ते सहन होईना. "प्रेम कळायला थोडं वय व्हावं लागतं," ती म्हणाली.

"हो का? ताई, तुमचं किती झालं?" वेणीवालीने विचारलं.

शेवटी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "लेखकाला थेट कोणाला काही सांगायचंय का?"

कोणीच बोललं नाही.

शांतता लांबली. मग बाईंनीच आभार मानले आणि सगळे उठले.

ऑफिसात येऊन मी रेकॉर्डिंग ऐकत मजकूर टाइप करायला घेतला. बाईंचा तो शेवटचा प्रश्न आला. आणि त्यानंतर...

एक मुलगी बोलली.

"माझा हात निसटला नाही. तू सोडवलास. एकेक बोट उचकटून सोडवलंस."

आवाज चढलेला नव्हता. दात-ओठ खाऊन, दाबून बोलतात तसा होता.

मला वाटलं, कोणीतरी नायिकेच्या तोंडून बोलतंय. मुली करतात असं. लिहिण्याच्या नादात माझं लक्ष नसेल. वाक्य जबरदस्त होतं. मी ते घेतलं आणि पुढे लिहिलं, 'नाव विचारून घेणे'. तेवढ्यात दुसऱ्या बातमीसाठी फोन आला आणि मी बाहेर पडलो.

पान छपाईला सोडायची वेळ झाली. उपसंपादकाला नाव सापडेना. त्याने आमच्याकडे करतात तेच केलं. वरच्या परिच्छेदात जी बोलली होती, तिचं नाव खाली घातलं. वाक्य चौकटीत, मोठ्या टायपात.

रविवारी सकाळी चष्मेवालीचा फोन आला.

"काका, मी हे बोललेच नाहीये! कॉलेजातले सगळे मला चिडवतायत. मी आईबद्दल विचारलं होतं फक्त!"

"मग कोण बोललं?"

"कोणीच नाही! तेव्हा सगळ्या गप्प होत्या. तुम्ही होतात ना तिथे?"

होतो. मलाही ती शांतताच आठवत होती.

मी ग्रंथपाल बाईंना फोन केला. "कोणी बोललं असतं तर मी कार्यक्रम गुंडाळला असता का?" त्या म्हणाल्या. वेणीवालीनेही तेच सांगितलं. आमच्या फोटोग्राफरने नेमका त्याच वेळी फोटो काढला होता. तो उघडून बघितला.

सगळ्यांची तोंडं बंद. मुली लेखकाकडे बघतायत.

लेखक एकटाच मान वळवून मागे बघत होता... मागे भिंत होती.

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. त्या खोलीतला पंखा खडखड करायचा. रेकॉर्डिंगभर ती खडखड आहे. फक्त त्या वाक्यापुरती नाही. पंखा नाही, खुर्च्या नाहीत, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या नाहीत.

ती बोलते तेवढा वेळ दुसरं काहीच नाही.

सोमवारी दोघं ऑफिसात आले. बबडी लालबुंद झाली होती.

"मामा, हे काय छापलंस तू? खुलासा छाप. उद्याच्या उद्या!"

संपादक केबिनमधून ओरडले, "खुलासा काय छापू? हे वाक्य कोणीही बोललेलं नाही, असा?"

लेखक समजूतदारपणे म्हणाला, "जाऊ दे गं. कोणीतरी पोरकटपणा केला असेल."

मी रेकॉर्डिंग लावलं.

बाईंचा प्रश्न. पंख्याची खडखड. मग ती खडखड थांबली... आणि तो आवाज आला.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मला वाटलं, विचारेल, ही कोण. त्याने विचारलं नाही.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. रागाने त्याचा आवाज फाटला होता. "तेव्हाही अशीच..."

आणि थांबला.

"तेव्हा म्हणजे कधी?" मी विचारलं.

"त्या... त्या कार्यक्रमात. त्या पोरी सगळ्या तशाच होत्या."

मी बबडीकडे बघितलं. तिने ते ऐकलं होतं. क्षणभर तिचे डोळे माझ्यावर थांबले. मग तिने त्याचा दंड धरला.

"किती त्रास देतोस त्याला! त्याचं माणूस गेलंय, मामा. तुला बातमीपुढे काही दिसतच नाही का?"

दोघं निघून गेले. इतका संताप मला अनेक वर्षांत आला नव्हता. त्याचा आला, तिचाही आला.

त्याच आठवड्यात मी त्या गेलेल्या मुलीच्या आईचं घर शोधलं. ती कपडे शिवते. मी कोण, कशाला आलोय, सगळं आधी सांगितलं. नको म्हणाली असती तर परत फिरलो असतो.

तिने मशीन थांबवलं. "लावा," म्हणाली.

ऐकून झाल्यावर ती हातातलं कापड सरळ करत बसली.

"तिचाच आहे," ती म्हणाली. "पण एवढी चिडलेली मी तिला कधी ऐकली नव्हती."

ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्यालाही ऐकवलं. "साहेब, तक्रारदार कोण लिहू?" एवढंच तो म्हणाला.

मी ताईकडे गेलो. बबडीची आई. ती शांतपणे ऐकत होती, पण बबडी आतून बाहेर आली.

"त्या बाईकडेही गेलास? मेलेल्या पोरीचं नाव घेऊन तिला छळलंस?"

"बबडे, तो ओळखून बोलला. आवाज कोणाचा, हे विचारलंसुद्धा नाही त्याने. तू होतीस तिथे."

"होते. आणि मला एक घाबरलेला माणूस दिसला. तुला खुनी दिसला. तू कायम तेच बघतोस, कारण तेच विकलं जातं!"

ताई म्हणाली, "अगं, निदान थोडं थांबायला काय जातं? लग्न सहा महिने पुढे ढकलू."

"मी सज्ञान आहे, आई."

त्या दिवसापासून तिने माझे फोन घेणं बंद केलं. मी इंटरनेटवर पुस्तकाखालच्या प्रतिक्रिया वाचत राहिलो. वाचक भांडतच होते. शेवट फालतू आहे, नायिका मूर्ख आहे, नायक स्वार्थी आहे. खप मात्र वाढत होता.

काल दुपारी बबडीचा फोन आला. स्वतःहून. खुशीत होती.

"मामा, राग गेला का तुझा? ऐक ना, दुसरा भाग लिहून झाला त्याचा! नायकाच्या आयुष्यात जी नवी मुलगी येते, तिची गोष्ट आहे."

"म्हणजे तुझी."

"मग! बोलण्याची ढब, सवयी, सगळी मीच आहे."

"शेवट काय होतो तिचा?"

"शेवटचं प्रकरण देत नाहीये वाचायला. आत्ता नको म्हणतो."

तेवढ्यात मला ऐकू आलं...

तिच्या मागे कोणीतरी बोलत होतं. मुलगीच. न थांबता, चिडून. शब्द कळत नव्हते.

"तुझ्याबरोबर कोण आहे गं?"

"कोणी नाही. त्याच्या घरी एकटीच आहे मी, तो प्रकाशकाकडे गेलाय. का?"

तो आवाज वाढत गेला. आता ती ओरडत होती. बबडी मात्र साड्यांच्या रंगाबद्दल सांगत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं.

"बबडे, आत्ताच्या आत्ता तिथून नीघ. ताईकडे जा."

"झालं का तुझं परत सुरू?" तिने फोन ठेवला.

तिचा आवाज बंद झाला. दुसरा मात्र अजून येत होता... मग तोही तुटला.

मी लगेच निघालो. तासाभरात पोहोचलो. दार बबडीनेच उघडलं, ठणठणीत होती. मला आत घेतलं नाही.

लग्न येत्या रविवारी आहे. दुसऱ्याच दिवशी दोघं फिरायला जाणार आहेत. आज सकाळी मी ताईला विचारलं, कुठे.

त्याने अजून बबडीलाही सांगितलेलं नाही.