चार मिनिटं न हललेला माणूस

माझ्या फोटोत माणूस नसतो. इमारत, पाणी, झाडं, आभाळ, एवढंच. तेही काळ्या-पांढऱ्यात, फिल्मवर. शाहूपुरीतल्या माझ्या डार्करूममध्ये पंचवीस वर्षांत मी एकही फोटो कडेनं कापलेला नाही की ब्रशनं दुरुस्त केलेला नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो.

कुरुंदवाडच्या पुढं कृष्णेकाठी नावाड्याचं दगडी घर आहे. मागं ऊस, डावीकडं नदी, पुढं फरसबंद अंगण. भर दुपारी लेन्सवर काळी काच लावून चार मिनिटं शटर उघडं ठेवलं की नदीचं दूध होतं आणि हलती माणसं उमटतच नाहीत. म्हणून अंगण झाडणाऱ्या नावाड्याच्या बायकोला, बसव्वांना, मी म्हणालो, "आक्का, थांबू नका, झाडत राहा."

"मी न्हाय आली तरी चालंल, पावणं. मालक दारात बसल्यात, त्यास्नी तेवढं घ्या. पुरात त्येंचा एक फोटू ऱ्हायला न्हाय. हलू नका म्हणून सांगिटलंय मी."

दारात कुणी नव्हतं. मालक त्याच पुरात नाव सोडवायला गेले ते परतलेच नाहीत, हे मला गावात कळलं होतं. म्हातारीचं मन कशाला मोडा, म्हणून एक प्रत द्यायचं कबूल केलं.

लाल दिव्याखाली कागदावर घर उमटलं. बसव्वा नव्हत्या. उंबऱ्यावर मात्र एक माणूस बसला होता, सदऱ्याची बटणं मोजता येतील इतका स्पष्ट.

मी घाबरलो. पण खरं सांगतो, त्याहून जास्त चिडलो. दोन दिवसांवर प्रदर्शन, हातून झालेला सर्वांत देखणा फोटो, आणि त्यात माणूस.

पहिल्यांदाच ब्रश उचलला आणि दार काळं केलं.

प्रदर्शनात लोक त्या फोटोपुढून हलेनात. माझी छाती फुगली होती. तेवढ्यात कबूल केलेली प्रत न्यायला बसव्वा आल्या. वाकून फोटोतलं दार बघितलं.

"मालक कुठं हाईत?"

मी त्यांच्या आणि फोटोच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"उठवलासा व्हय त्यास्नी?"

फार लाज वाटली. तसाच डार्करूममध्ये परतलो. निगेटिव्हला मी हात लावला नव्हता. त्यांच्यासाठी नवी प्रत काढायला घेतली.

उंबरा रिकामा होता.

अंगणात ओली पावलं होती, दारातून कॅमेऱ्याकडं येणारी. खालच्या कडेला शेवटचं पाऊल अर्धंच होतं.

मी फोटो कापत नाही.

उरलेलं अर्धं माझ्या टेबलाखाली फरशीवर होतं. अजून ओलं.