चारशे तेरावं पान

त्या गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी आई चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या त्या कंपनीत ती एकवीस वर्षं होती, मी चार. आडनाव एकच, म्हणून ऑफिसात ती थोरली आणि मी धाकटी. माझं काम चांगलं झालं की लोक म्हणायचे, "थोरलीची लेक ती, येणारच."

आईनं एक साधन लिहिलं होतं. प्रोग्राममध्ये आम्ही जागोजागी टिपा लिहितो. त्या वाचून ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांसाठी पुस्तक तयार करायचं. प्रत्येक पानाखाली चार रकाने असत: लेखन, तपासणी, तारीख आणि का. "काय ते कोड सांगतं, का ते माणसानं सांगायचं," हा तिचा हट्ट. शेवटचा रकाना रिकामा असला की साधन पान करायचंच नाही. 'का ते राहिलं' एवढंच म्हणून अडून बसायचं.

पण हे साधन ज्या इंटरफेसवर, म्हणजे टिपा आणून देणाऱ्या सोयीवर, उभं होतं, तो प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नव्या आवृत्तीतून कायमचा जाणार होता. साधन नव्या इंटरफेसवर हलवायचं की मोडीत काढायचं, यावर साहेबांनी मतं मागवली होती. बिननावाचं एक टिपण सगळ्यांना वाचायला मिळालं होतं. मोडीत काढा, तयार काहीतरी विकत घ्या, असं त्यात होतं.

"वाचलंस का गं?" आईनं विचारलं. "फार नीट लिहिलंय. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी."

"असेल कुणीतरी," मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग कप माझ्यापुढे ठेवला. "निवायच्या आत घे."

टिपण माझं होतं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या बसमधून सगळे उतरले, ती उतरली नाही. ड्रायव्हरला वाटलं, बाईंचा डोळा लागलाय.

विकत घेतलेल्या साधनाला तिचे चार रकाने वाचता येईनात. दोन महिन्यांनी तिचंच साधन हलवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. "घरचंच काम," साहेब म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हसले.

जुनी आवृत्ती फक्त तिच्या मशीनवर उरली होती, म्हणून मी तिच्या जागेवर बसू लागले. खुर्ची उंच ठेवलेली, पाय टेकायला खाली पुठ्ठ्याचा उपडा खोका. त्यावर दोन टाचांचे खळगे होते. मी पाय बाजूला ठेवायची.

जुना इंटरफेस सगळ्या टिपा आयत्या ताटात वाढायचा. नव्यात एकेक फांदी चढून त्या आपणच तोडून आणाव्या लागत. तीन आठवडे गेले. जुनं साधन स्क्रीनवर दाखवायचं ते अकरा संदेश मी हातानं नव्यात उतरवून घेतले. शनिवारी दुपारी साधन पहिल्यांदा पूर्ण चालवलं. ऑफिसात मी आणि टेस्टिंगमधला एक जण, ज्याला सगळे शंकेखोर म्हणायचे, असे दोघंच होतो. चारशे बारा पानं झाली, जुन्या पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळली.

चारशे तेरावर ते अडलं. 'का ते राहिलं.'

पुस्तकात चारशे बाराच पानं होती.

शंकेखोराला हाक मारली. त्यानं तेच साधन आपल्या मशीनवर चालवलं. "माझ्याकडे चालतंय," तो ओरडला. "चारशे बारा. दृष्ट काढ तुझ्या मशीनची."

"तू एकदा इथे येऊन बघ ना."

तो आला. खुर्चीमागे उभा राहून वाचलं. मग म्हणाला, "घरी जा तू. सोमवारी बघू." जाताना त्यानं माझ्या खांद्याला हात लावला. असं त्यानं याआधी कधी केलं नव्हतं.

मी गेले नाही. या हलवाहलवीसाठी मी एक नवी फाइल लिहिली होती; तिच्या टिपेत 'का' राहिलं असेल, असं मनाला समजावलं. 'का'मध्ये लिहिलं: जुना इंटरफेस बंद होत असल्यामुळे. पुन्हा चालवलं.

'हे नाही.'

हा संदेश माझ्या अकरांत नव्हता. सगळ्या फाइलींत शोधला. एकाही ठिकाणी सापडला नाही. रकाना रिकामा आहे की नाही, एवढंच ते साधन बघतं. त्यात काय लिहिलंय ते त्याला कळत नाही. तो भाग मी स्वतः लिहिला होता.

मी लिहिलं: देखभाल सोपी व्हावी म्हणून.

'हेही नाही.'

लिहिलं: कंपनीच्या हितासाठी. माझ्या टिपणातलं पहिलंच वाक्य होतं ते.

या वेळी संदेश आला नाही. पान उघडलं.

वर मथळा होता: साधन मोडीत काढण्याबाबत. खाली माझं टिपण, सगळं, स्वल्पविरामांसकट. ते मी घरच्या लॅपटॉपवर लिहिलं होतं आणि पाठवल्यावर पुसून टाकलं होतं.

त्याखाली रकाने.

लेखन: धाकटी.

तपासणी: थोरली.

तारीख: त्या गुरुवारची. वेळ चार वाजून पाच.

'का' रिकामा होता. त्यात कर्सर लुकलुकत होता.

चार वाजून पाच. मग ती उठली असेल, चहा ओतला असेल आणि कप घेऊन माझ्यापर्यंत चालत आली असेल.

मी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. पाय पुठ्ठ्यावर गेले होते, कधी ते कळलं नाही. खळगे माझ्या टाचांच्या मापाचे होते, आणि कोमट.

"आई," मी मोठ्यानं म्हणाले, "ते मी लिहिलं. साधनात काही वाईट नव्हतं गं. मला फक्त एकदा, तुझी मुलगी नसताना, बरोबर ठरायचं होतं."