उष्टी हळद

अजिंक्यताऱ्याची चढण निम्मी झाली होती. भार्गवी भराभर पावलं टाकत होती, हळू चालणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पुढच्या माणसाला ती मागं टाकणार एवढ्यात तिला दिसलं... त्याच्या पाठीवरच्या सॅकमधून मुंग्यांची एक लांबलचक रांग निघाली होती आणि थेट त्याच्या कॉलरकडे चालली होती.

"अहो, थांबा! तुमच्या पाठीवर मुंग्या आहेत!"

"असूं द्यात की. त्या बी ट्रेनिंगलाच आल्यात," तो मागं न बघताच म्हणाला. आणि पुढच्याच पावलाला "आई गं!" करून मान झटकत रस्त्यात नाचायला लागला.

भार्गवीला हसू आवरेना. हसत हसतच तिनं गळ्यातला रुमाल काढून त्याच्या पाठीवर चार फटके ओढले. मुंग्या किती पडल्या देव जाणे, पण तो मात्र लाल होऊन उभा राहिला. उंचापुरा, उन्हानं रापलेला, आणि डोळे असे की रागावलाय का हसतोय ते कळू नये.

"काय भरलंय सॅकमध्ये?"

"गूळ."

"गूळ?"

"वजन घिऊन चढा म्हणालं न्हवं? बाकीच्यांनी इटा आणल्या. आमच्या गुऱ्हाळात इटा कुठल्या? ढेप उचलली, टाकली. वजन म्हंजे वजन."

"आणि वर गेल्यावर खायची?"

"एकट्याला कशी सरायची?" तो म्हणाला. "तुमी मदत करतासा का?"

भार्गवी त्याला मागं टाकून पुढं जायचं विसरली. असं तिच्या बाबतीत सहसा होत नसे.

साताऱ्यातल्या एका गिर्यारोहण मंडळानं त्या वर्षी, म्हणजे पंचाण्णव साली, लडाखमधल्या स्टोक कांगरीची मोहीम काढली होती. शिखर वीस हजार फुटांच्या वर, लेहचा वाटाड्या बरोबर, आणि तोवर दर रविवारी पाठीवर वजन घेऊन किल्ला चढायचा. मंडळाच्या प्रमुख वाईच्या चारुशीलाताई. पन्नाशीच्या, तोंडानं तिखट आणि पायानं बकरीसारख्या. भार्गवी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत पी. टी. शिकवायची आणि शनिवारी शाळा सुटली की एस. टी. पकडून साताऱ्याला मावशीकडे यायची.

तिच्या पायाला भिंगरी होती. नोकरी धरावी, सहा महिन्यांत कंटाळावं, सोडावी. स्थळ बघायला येणार म्हटलं की ही कुठल्यातरी गडावर पसार. "हिला देवानं पाय न देता चाकं दिलीत," असं तिचे वडील अण्णा आल्यागेल्याला सांगत. भार्गवी हसायची, पण मनातून घाबरायचीही. कुठंच का मन लागत नाही आपलं? कुठल्याही शिखरावर पोचलं की डोळे लगेच पुढचं शिखर शोधायला लागतात... हे कधी थांबणारच नाही का?

आणि हा गूळवाला कृष्णात. शिराळ्याजवळच्या गावचा, घरी ऊस आणि हळद. दोघे थोरले भाऊ मिलिटरीत. यालाही जायचं होतं, पण वडील गेले आणि रान बघायला कुणीतरी मागं राहायला हवं होतं, तो हा राहिला.

"एकदा बर्फ बगून यायचं," तो म्हणाला होता. "मग हाय की जन्मभर उसाची राखण."

त्या रविवारी गूळ संपला नाही. म्हणून पुढच्या रविवारी खाल्ला. त्याच्या पुढच्या रविवारी कृष्णातनं भाजलेल्या शेंगाही आणल्या. मग भार्गवीची गुरुवारपासूनच चुळबूळ सुरू व्हायला लागली. मुलींना कवायतीला उभं करायचं आणि स्वतः आकडे मोजता मोजता मध्येच विसरायचं! एकदा तर मुली हात वर करून तशाच उभ्या राहिल्या आणि बाई कुंपणापलीकडून जाणाऱ्या साताऱ्याच्या एस. टी.कडे बघत बसल्या.

"बाई, हात खाली घेऊ का?" शेवटी एकीनं रडकुंडीला येऊन विचारलं.

कृष्णातही तिला 'बाई'च म्हणायचा. मुद्दाम.

"बाई शाळेत. इथं भार्गवी म्हणायचं."

"जिभंला वळण न्हाई तसलं. वळलं की म्हणीन."

कधी वळणार होतं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

ऑगस्टात मंडळी निघाली. पुण्याहून रेल्वे, मग मनालीवरून हाडं खिळखिळी करणारी बस, मग लेह. तिथं नामग्याल नावाचा हसऱ्या डोळ्यांचा वाटाड्या त्यांच्यात सामील झाला. सामान खेचरांवर चढलं आणि माणसं पायी निघाली. झाड नाही, पान नाही, नुसते तांबडे-जांभळे डोंगर आणि डोक्यावर असलं ऊन की सावलीत गारठा आणि उन्हात चटका. आणि भार्गवीची उन्हाच्या क्रीमची ट्यूब नेमकी खेचरावरच्या बोजाखाली दबून फुटली. तळावर पोचेपर्यंत तिचं नाक सोललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फावर चालायचा सराव होता. कृष्णात तंबूबाहेर आला तो तोंडाला पिवळाजर्द लेप फासून.

"हे काय सोंग?"

"आईनं दिलंय. थोरला भाऊ बर्फातनं सुट्टीवर आला तवा त्वांड करपलं हुतं त्याचं. म्हणून तुपात हळद कालवून दिली मला. घरची हळद हाय." त्यानं पत्र्याची डबी पुढं केली. "नाक बगा तुमचं. लावा थोडं."

"शी! मी नाही."

"बरं. मग नाक इथंच ठिवून जावा."

आता आली का पंचाईत! नाक खरंच ठणकत होतं. तिनं डबी हिसकावली. थंडीनं तूप दगडासारखं गोठलेलं. त्यानं आपल्या बोटांनी तळहातावर चोळून ते मऊ केलं, स्वतःच्या गालावर राहिलेली जागा भरली आणि उरलेलं तिच्यापुढं धरलं. तिनं त्याच्या तळहातावरून ते बोटानं उचललं... नाकाला, गालांना, कपाळाला लावलं. त्याचा तळहात ऊन होता. एवढ्या गारठ्यात इतका ऊन कसा, असं काहीतरी ती उगाचच विचार करत होती, आणि तेवढ्यात—

"अगं भार्गवी!" चारुशीलाताईंची आरोळी अख्ख्या तळावर घुमली. "अगं, ती उष्टी हळद लागली की तुला!"

सगळे थबकले. मग एकदम हास्याचा असा स्फोट झाला की खेचरांनीही कान टवकारले.

"नवऱ्याला आधी लावायची आणि त्याची उरलेली नवरीला, एवढंही सांगितलं नाही का गं सांगलीत कुणी?" ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. कुणीतरी "शुभमंगल सावधान" सुरू केलं. कुणीतरी बर्फाचा चुरा अक्षता म्हणून दोघांवर उधळला. नामग्यालला काही कळेना. ताईंनी हिंदीत समजावून सांगितल्यावर तोही पोट धरून हसला.

भार्गवी हसली, सगळ्यांबरोबर मोठ्यानं हसली. मग हळूच कृष्णातकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो डबीचं झाकण लावत होता, आणि ते झाकण काही केल्या लागत नव्हतं.

दुपारी तिनं तोंड धुतलं. बर्फाचं पाणी झालं, साबण झाला... पण सांगलीची हळद ती, हटायला तयार नाही! आरशाच्या तुकड्यात बघितलं की पिवळे गाल. डोळे मिटले की ऊन तळहात. आणि तो मात्र त्या क्षणापासून तिच्याकडे बघेचना. जेवताना लांब बसला. चालताना दुसऱ्या दोरावर गेला. सारखं "व्हय बाई", "न्हाई बाई". तिच्या जिवाची अशी काही घालमेल झाली की तंबूत बसवेना, बाहेर उभं राहवेना. शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढ्याकाठी पाणी भरताना तिनं त्याला गाठलंच.

"माझ्या तोंडाला हळद लागली की विष लागलं?"

"असं का बोलतासा?"

"मग तोंड का फिरवता?"

त्यानं भरलेला कॅन खाली ठेवला.

"लोकं हसली. त्यांची चेष्टा झाली, पण... माझ्या लेखी ती चेष्टा न्हवती," तो म्हणाला. "बाई, आडसाली ऊस ठावं हाय? पावसाळ्यात लावायचा, तोडायला दीड वर्स. तवर जागा सोडता येत न्हाई. तुमचा पाय तर दीड म्हैना एका जागी ठरत न्हाई. तुमीच सांगितलंय मला. किल्ल्यावर बी पोचला की लगेच पल्याडला डोंगर बगतासा. मी कुठं कुठं पुरणार तुमच्या मागं? आन् तुमाला बांधावर बांधून ठिवायचं पाप मला न्हाई करायचं."

तो बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. "थांबेन मी," असं म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण नोकऱ्या सोडताना, स्थळं टाळताना आपण कितीदा कुणाकुणाला असंच म्हटलंय ते तिला आठवलं. खोटा शब्द याला द्यायचा नव्हता. ती आपला कॅन उचलून निघून गेली.

शिखराच्या दिवशी पहाटेच सगळे तयार झाले, आणि कृष्णात तंबूच्या दारातच वाकून ओकला. डोकं ठणकत होतं, तोल जात होता. नामग्यालनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, दोन पावलं चालून दाखव म्हणाला, आणि मान हलवली.

"आप नहीं जाएगा, भाईसाब. आचारी के साथ रुको. दर्द बढ़ा तो नीचे उतरना."

एकदा बर्फ बघायचं म्हणून आलेला माणूस... भार्गवीनं पाठीवरची सॅक उतरवली.

"मी पण थांबते," ती म्हणाली.

"खुळ्या का काय?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माज्यापायी थांबला तर मला जन्मभर गिळायचं न्हाई. जावा." मग खिशातून कागदाची पुडी काढून त्यानं तिच्या हातात कोंबली. गूळ होता. "वर देवाला ठिवा. आईनं सांगितलंय. मी न्हाई तर तुमी ठिवा."

ती निघाली. पाठीमागं वळून बघायचं नाही असं ठरवून तीनदा वळली.

हिमनदी ओलांडली तेव्हा उजाडत होतं. पुढं उभा चढ, बर्फ आणि सुटे दगड. दोर कमरेला, पुढं नामग्याल, मागं चारुशीलाताई. एक पाऊल, चार श्वास. जिला हळू चालणं माहीत नव्हतं तिला त्या डोंगरानं मुंगीसारखं चालायला लावलं. मुंगी आठवली आणि तिला त्या धापेतही हसू फुटलं.

"बाई गं, हसतेस काय? दम राख!" मागून ताई ओरडल्या.

आणि मग पुढं चढच उरला नाही. वर प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडत होत्या. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, रडले. "ते बघा, ते काराकोरम!" कुणीतरी ओरडलं. शिखरांमागं शिखरं, नजर पोचेल तिथवर पांढरी. एरवी भार्गवीनं त्यातलं एक लगेच निवडून ठेवलं असतं.

तिनं पताकांपाशी गूळ ठेवला. निम्मा ठेवला, निम्मा पुन्हा पुडीत बांधला. आणि तिच्या ध्यानात आलं, आपण काराकोरमकडे पाठ करून उभे आहोत. दूर खाली, त्या मोरपिशी सावलीत तळ कुठं असेल ते शोधतोय. त्याचं डोकं दुखायचं थांबलं असेल का? त्यानं चहा घेतला असेल का?

"नामग्यालजी, नीचे कब उतरेंगे?"

"अरे! अभी तो आया!" तो चकित झाला.

चारुशीलाताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. कानटोपीतून डोकावणारे तिचे पिवळे गाल पाहिले. आणि तिच्या पाठीवर थोपटलं.

तळ दिसला तेव्हा ऊन कड्याआड गेलं होतं. तंबूंच्या अलीकडे, दगडांच्या राशीवर, घोंगडीत गुरफटून एक माणूस बसला होता. शेजारी किटली. केव्हापासून बसला होता कुणास ठाऊक. आचारी म्हणाला, डोकं दुखायचं दुपारीच थांबलं, पण हा आत यायला तयार नाही.

"पोचला?" कृष्णातनं विचारलं.

"पोचले. गूळ ठेवला." तिनं पुडी पुढं केली. "हा तुमचा प्रसाद."

त्यानं तो कपाळाला लावला. मग चहा ओतून दिला. तिनं तो घेतला, पण प्यायली नाही.

"डबी कुठंय तुमची?"

"कसली?"

"हळदीची."

"आता कशापायी? ऊन तर उतारलं..."

"ऊन उतरलं म्हणूनच." तिनं चहाचा पेला दगडावर ठेवला. "वर उभी राहिले ना, तेव्हा पुढचा डोंगर नाही दिसला मला. कधी एकदा खाली येते असं झालं होतं. असं मला आजवर कधी झालं नव्हतं, कृष्णात. मी डोंगर चढायचं सोडणार नाही, खोटं कशाला बोलू? पण परत यायला आता मला जागा आहे. तुमचा ऊस दीड वर्ष उभा राहतो ना... तेवढ्यात मी जाऊन येईन. दर वेळी येईन."

त्यानं खिशातून डबी काढली. झाकण आज पटकन उघडलं. तळहातावर तूप चोळून मऊ केलं... आणि थांबला.

"आधी तुम्ही," ती म्हणाली. "मग मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोटानं आपल्या गालाला हळद लावली आणि उरलेली तिच्यापुढं धरली.

"उष्टी हाय बरं का... भार्गवी."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि गाल पुढं केला.

तंबूंकडून चारुशीलाताईंच्या हाका येत होत्या, जेवायला चला म्हणून. भार्गवी त्या दगडावर त्याच्या शेजारी बसली होती, आणि चहा पार थंड झाला तरी ती तिथून उठली नाही.