गुनहिल्ड कुठे बघते?

"माझ्या पणजीच्या, गुनहिल्डच्या थडग्याचा दगड कुणीतरी हलवलाय," ऐंशीच्या बोर्गहिल्डबाई कॉफीला हातही न लावता म्हणाल्या. "घटसर्पाच्या हिवाळ्यात पाद्री शंभर मैलांवर होता. तेव्हा गावची पोरं हिनं पुरली, प्रार्थना हिनं म्हटल्या. शुक्रवारी चर्चचं मंडळ पहिल्या पाद्रींची नावं भिंतीवर कोरणार, त्यात ही नाही! म्हणे, बाई कुठं पाद्री असते? पुरावा आणा!"

"हलवला कशावरून?" मारेननं विचारलं. डकोटाच्या त्या माळरानावर खासगी तपास करणारी ती एकटीच.

"लहानपणी थडग्यावर बसून दगडाला टेकले की मावळतीचं ऊन तोंडावर यायचं. आता पाठीवर येतं."

"वयात दिशा चुकतात," मारेनचा मेहुणा ऑर्व्हल पुटपुटला.

"तुझ्या तर विशीतच चुकल्या," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या. "गाडी काढ."

दफनभूमीत सगळ्यांची डोकी पश्चिमेला, दगड डोक्याशी, पाय पूर्वेला. पूर्वेच्या टोकाला रांगांपुढे दोनच थडगी: गुनहिल्ड आणि जुने पाद्री हॉगे.

"हॉगेंचा दगड उलट्या टोकाला?" ऑर्व्हल चक्रावला.

"पाद्री ना ते!" गवत कापणारा एल्मर म्हणाला. "शेवटच्या दिवशी थडग्यातून उठल्यावर मंडळींकडे तोंड नको?"

"आणि ही पियोनीची झुडपं?"

"पायाशी लावतात. त्यांना हात लावायचा नाही, आईची ताकीद."

गुनहिल्डची पियोनी मात्र दगडालाच चिकटून फुलली होती.

मंडळाचा अध्यक्ष पामर रुस्टाड घाईतच आला. "कुणी हलवला नाही. इतरांसारखाच सरळ तर आहे."

"सरळ," मारेन म्हणाली. "म्हणजे आधी उलटा होता, पामर. फुलं पायाशी असतात, आणि दगड आज फुलांपाशी आहे. तू तो तिच्या पायाशी रोवलास."

पामरची मान खाली गेली. "वाटलं, काहीतरी पाप असेल. म्हणूनच लोकांनी बाईला उलटं पुरलं. दगड फिरवून गुपचूप लाज झाकली."

"त्यांनी तिला पाद्रीसारखं पुरलंय. ज्यांची पोरं तिनं मातीत ठेवली, त्यांनीच. कागद नाही केला. तिला असं निजवलं, की उठेल तेव्हा सगळी मंडळी समोर असतील."

ऑर्व्हलनं टोपी काढली. बोर्गहिल्डबाईंनी पश्चिमेकडे बघितलं, रांगेमागून रांग, छोटे छोटे दगड.

"नाव कसं लिहायचं?" पामरनं विचारलं.

"आधी बाजूला हो," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या. "तिच्या आणि लेकरांच्या मधे उभा आहेस."