दुपार उलटल्यावर

नूपुरला चकवा लागला तो भर दुपारी, एस्प्लनेडच्या गर्दीत. चकव्यानं निदान काळोखाची, आडरानाची वाट पाहावी. पण कोलकात्याला तेवढा धीर नव्हता. सकाळी बँकेत कामावर जाताना टॅक्सी ज्या रस्त्यानं सरळ गेली होती, त्याच रस्त्यावर आता समोरून मोटारींची फौज चाल करून येत होती. टॅक्सीवाल्यानं हात झटकले नि तिला तिथंच उतरवलं.

"आई, हे शहर नाही गं, भुताटकी आहे!" ती फोनवर ओरडली. "सांगलीत रस्ता सकाळी जिकडे जातो, तिकडेच संध्याकाळी जातो!"

"भुताटकी नाही," मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "इथं दुपार उलटली, की एकेरी रस्ते पण उलटतात. पोलिसांचाच नियम आहे."

तिनं वळून पाहिलं. घामानं धुरकटलेला चष्मा, त्याआड मिस्कील डोळे.

"मी शौनक. आजोबा बदलीवर आले होते, ते राहिलेच. माझा मराठी जरा... गंजलेला आहे."

"माझं."

"तुमचं तर छान आहे!"

खिदिरपूरच्या गोदीत आलेला माल सोडवणाऱ्या कचेरीत तो नोकरीला होता. सुट्टीच्या शनिवारी तो नूपुरला स्कूटरवरून शहर शिकवू लागला. कुमारटुलीतल्या अर्ध्या घडलेल्या देवी, चितपूरची अत्तराची दुकानं, डलहौसीच्या लालभडक इमारती... आणि प्रत्येक रस्त्याला दोन नावं — एक पाटीवरचं, एक तोंडातलं.

"मग खरं कुठलं?"

"जे ऐकून टॅक्सीवाला हलतो, ते."

तो सगळं सांगायचा. हे शनिवार कुठं चाललेत, तेवढंच सांगत नव्हता. नदीकाठी चहाचा मातीचा कुल्हड देता-घेता बोटाला बोट लागलं, की दोघंही घाईघाईनं नदीकडे पाहायची. नदीचा काही उपयोग नव्हता. भरतीच्या वेळी तीही उलटी वाहायची.

अशातच पुण्याची बदली मंजूर झाली. नूपुरनं अर्ज केला होता तो चकवा लागला त्याच दिवशी रात्री, रागाच्या भरात. आता सोमवारी होकार कळवायचा होता. आणि राग शोधूनही सापडत नव्हता.

शनिवारी, स्कूटर चालू असतानाच तिनं त्याच्या पाठीला सांगितलं.

"अरे वा," पाठ म्हणाली. "पुणे... चांगलं. तिथं रस्ते उलटत नाहीत."

'थांब म्हण की रे!' हे तिनं हेल्मेटच्या आत म्हटलं. हेल्मेट उत्तम प्रतीचं असल्यामुळे बाहेर काही ऐकू गेलं नाही.

शौनक डावीकडे वळला आणि एकदम चहूबाजूंनी हॉर्न वाजू लागले. समोरून बस, मिनीबस, पिवळी टॅक्सी, आणि त्या सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या गणवेशातला सार्जंट.

"ओ दादा!" तो बंगालीत कडाडला. "दुपार झालेली दिसत नाही? बाहेरगावचे का?"

तीन पिढ्यांच्या कोलकातेकर शौनकनं चष्मा सारखा केला.

"हो," तो म्हणाला. "हरवलोय."

सार्जंट दंडाची पावती फाडायला लागला. नूपुरनं हेल्मेट काढलं.

"तुम्ही चुकलात? तुम्ही?"

"तुम्ही पुणे म्हणालात आणि मला... डावं-उजवंच कळेना." चष्मा पुन्हा धुरकटला होता. "नूपुर, जाऊ नका. म्हणजे, पुणे चांगलं आहे... पण जाऊ नका. मला तुम्ही इथं हव्या आहात. हे नदीकाठीच सांगायला पाहिजे होतं. तिथं हॉर्न कमी होते."

समोरची मिनीबस केकाटत होती. नूपुरला ती ऐकूच येईना.

"बदलीला नकार देता येतो?" त्यानं विचारलं.

"येतो. कारण सांगावं लागतं."

"काय सांगाल?"

"इथले रस्ते अजून समजले नाहीत." तिनं हेल्मेट चढवलं. "आणि शिकवणाऱ्याचाही भरवसा नाही, तेव्हा बराच काळ लागेल."

आजवर ती सीटमागचा दांडा धरून बसायची. आज तिनं त्याचा खांदा धरला.

"चल आता. स्कूटर वळव."

शौनकनं मान डोलावली, स्कूटर सुरू केली आणि अतिशय आत्मविश्वासानं 'प्रवेश बंद'च्या गल्लीत वळवली.

सार्जंटनं कपाळावर हात मारून दुसरी पावती फाडायला घेतली.