कॉल ऑफ नव्हे, पुट ऑफ

अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी लागली आणि अपेक्षाला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक उंच, सावळा तरुण येऊन उभा राहिला. एका हातात भलीमोठी पिशवी, दुसऱ्यात मिरचीच्या रोपांचा ट्रे.

"मॅडम, हे जरा मांडीवर धरता काय? वर ठेवलं तर रोपं मोडतीन."

तिने ट्रे धरला. ओल्या मातीचा वास मूर्तिजापूर गेलं तरी ओढणीला चिकटून होता.

तो अश्विन. वलगावला त्याची रोपवाटिका होती. ती अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि दर शनिवारी अमरावतीला घरी यायची. मग अश्विनलाही नेमकं दर शनिवारीच अकोल्यात काम निघू लागलं!

"एवढी कामं असतात अकोल्यात?" तिने एकदा विचारलंच.

"एकच असते," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "पन लय महत्त्वाचं असते."

चार महिन्यांनी ठरलं, रविवारी आईला घेऊन तो अपेक्षाच्या घरी येणार. तिच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, स्वतः निवडून संत्री आणली. पण त्या शनिवारी अश्विन गाडीत दिसला नाही. आला तो मेसेज, पहिल्यांदाच इंग्रजीत : 'सॉरी. संडे व्हिजिट इज कॉल्ड ऑफ.'

कॉल्ड ऑफ... रद्द. दरवर्षी मुलांना ती हे शिकवायची, तिला कोणी अर्थ सांगायची गरज नव्हती. मागोमाग त्याचे दोन फोन आले; तिने कापले. घरी "ते येत नाहीत" एवढंच म्हणाली. उत्तमरावांनी टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

रविवारी सकाळी मात्र तिला बसवेना. नकार तर नकार, पण तो तोंडावर ऐकायचा! ती ऑटो करून थेट वलगावला गेली.

हिरव्या जाळीखाली अश्विन रोपांना पाणी घालत होता. तिला पाहून झारी हातातच राहिली.

"नाही म्हणायचं होतं, तर समोर येऊन म्हणायचं," ती म्हणाली. "इंग्रजीआड काहून लपले?"

"नाही कोन म्हनलं? काल आई पायरीवरून घसरली, पाय प्लास्टरात आहे. म्हनून भेट पुढच्या रविवारी... लिवलं तर होतं मी!"

"कॉल्ड ऑफ लिहिलं तुम्ही."

"हो. म्हंजे पुढे ढकलली."

"पुढे ढकलली म्हणजे पुट ऑफ! 'द व्हिजिट इज पुट ऑफ टिल नेक्स्ट संडे' असं लिहायचं. कॉल ऑफ म्हणजे रद्द. कायमचं!"

अश्विनचा चेहराच उतरला. "बापा! अन् तुमी रातभर..."

ती मान फिरवून रोपांकडे पाहू लागली.

"तुमाले बरं वाटन म्हनून इंग्रजीत लिवलं," तो हळूच म्हणाला.

"मराठीत लिहिलं असतं तर?"

"मराठीत तर..." तो अडखळला. "मराठीत मले एकच लिवाचं होतं. तुमच्यावाचून करमत नाही."

अपेक्षा हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले.

जाळीमागच्या घरातून त्याच्या आईचा आवाज आला, "अश्विन, कोन आलं रे?"

तो गडबडला. काय सांगावं... मॅडम? पाहुणी?

अपेक्षाने दाराशी चपला काढल्या.

"मी आली, आई," म्हणत ती आत गेली.