कपाटामागची धूळ

वसाहतीत पाहुण्याला आधी पाणी देत नसत, आधी ओलं फडकं देत. पाय पुसा, हात पुसा, भुवया पुसा, मग आत या. माणदेशात पाऊस यायचा थांबल्याला दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. आटपाडीच्या पुढे नजर जाईल तिथवर वाळू आणि वेडी बाभूळ, आणि त्यात ही काचेची बंद घरं. प्रत्येकाला एकामागे एक दोन दारं, खिडक्या फक्त बघण्यापुरत्या.

त्यातलं कुमुदचं घर सगळ्यांत स्वच्छ. हे ती म्हणत नसे, भिंतीवरची धूळपारख म्हणे. धूळपारख म्हणजे पाटीएवढं काळं यंत्र. ते खोलीतली हवा ओढून घेई आणि धुळीत काय काय आहे ते रंगीत पट्ट्यांनी दाखवी: पिवळी पट्टी बाभळीच्या परागांची, तपकिरी झुरळांची, करडी शेळीच्या केसांची. लेक जाई रांगायला लागली आणि तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली, तेव्हापासून कुमुदने एकेक पट्टी खाली आणली. शेळी नणंदेकडे गेली. पडदे गेले, कापसाच्या गाद्या गेल्या. पाण्याचा कूलर गेला, कारण त्याच्या ओलीवर धूळकिडे पोसतात. केरसुणी माळ्यावर गेली. झाडलं की धूळ उडते, म्हणून ओलं फडकं, तेही वरून खाली. नवऱ्याला, हणमंताला, तिने हेच शिकवलं. "कपाटामागचं राहिलं की सगळं राहिलं," हे तिचं वाक्य आता जाईसुद्धा तिच्याच सुरात म्हणून दाखवी.

सगळ्या पट्ट्या तळाला टेकल्या. शिट्टी मात्र थांबली नाही.

डॉ. नसरीन मुजावर जाईच्या रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आल्या, तेव्हा कुमुद टेबलाचे पाय पुसत होती.

"कुमुदताई, बसा जरा. फडकं ठेवा."

"बोला तुम्ही. माझे हात चालू असले की मला नीट ऐकू येतं."

डॉक्टरांनी धूळपारखेवर दोन-तीन कळा दाबल्या. कधी न दिसलेल्या तीन निळ्या पट्ट्या वर आल्या.

कुमुद ओशाळली. "सकाळीच पुसलंय हो सगळं."

"ही घाण नाही, ही तुम्ही तिघं. माणसाची कातडी सारखी झडत असते. दमट गावात धूळकिडे ती खाऊन टाकतात. इथं हवा कोरडी, किडे जगत नाहीत, ती तशीच पडून राहते. बाकीचं सगळं तुम्ही काढलंत, म्हणून धुळीत आता माणसंच उरलीत."

"मग?"

"शरीरात राखणदार असतात. परकं काही आत आलं की धावून जातात. जाईच्या राखणदारांना लहानपणापासून चोरच भेटला नाही. पराग नाही, केस नाही, झुरळ नाही. बसून बसून शेवटी समोर जे होतं त्यालाच त्यांनी धरलं." त्यांनी मधल्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही तुमची."

कुमुदने पट्टीकडे पाहिलं. काहीतरी वाटायला हवं होतं. काचेवर डॉक्टरांच्या बोटाचा ठसा उमटलाय, तो पुसायला हवा, एवढंच तिच्या मनात आलं.

"सासूबाई असत्या तर पेढे वाटले असते," ती म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत.

"म्हणजे मी जरा कमी पुसलं असतं तर..."

"पुसा म्हणून आम्हीच सांगितलं होतं, ताई."

"मग आता आणते की धूळ. बाहेर काय कमी आहे?"

"आता सोसायची नाही तिला. बाहेर तर एक दिवस निघायचा नाही. तिनं इथंच राहायला हवं. आणि तिचे राखणदार तुम्हाला विसरेपर्यंत..."

"समोरच्या ओळीत एक खोली रिकामी आहे," कुमुदनेच वाक्य पुरं केलं. "किती दिवस?"

"वर्षं म्हणा."

कुमुदने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि मी गेल्यावर ते परत रिकामे बसले तर? मग कुणाला धरतील?"

डॉक्टर पिशवीची चेन लावत राहिल्या. "ते अजून कुणालाच ठाऊक नाही."

निघायच्या सकाळी कुमुदने आपला एकूणएक कपडा बांधून घेतला.

"खिडकीत येशील ना?" जाईने विचारलं.

"रोज येईन."

जाईने दोन्ही हात पसरले. कुमुदने त्या हातांत एक स्वच्छ फडकं दिलं. "बाबांना मदत कर हं."

आतल्या दाराशी हणमंत बादली घेऊन उभा होता. "तू उंबऱ्याबाहेर पडल्या पडल्या पुसायचं? माणूस गेल्यावर पुसत्यात तसं?"

गावाला निघालेल्या माणसामागे लगेच केर काढत नाहीत; मयत उचललं की काढतात. हे दोघांनाही त्यांच्या आयांनी शिकवलं होतं.

"लगेचच पुसायचं. वेळ गेला की सगळं पुन्हा हवेत जातं," कुमुद म्हणाली. "आणि ऐक, कपाटामागं मी परवापासून हात लावलेला नाही. दाराच्या फटीतनं आलेली माती आहे थोडी. ती राहू दे."

"राहू दे?"

"असू दे राखणदारांना धरायला काहीतरी."

हणमंताने मान हलवली. लक्ष त्याचं जाईच्या छातीतल्या शिट्टीकडे होतं.

दोन्ही दारं लागली. वळसा घालून कुमुद खिडकीशी आली आणि काचेला तळवा टेकवून उभी राहिली. आत हणमंत पुसत होता, वरून खाली. मधली पट्टी उतरत उतरत दुपारपर्यंत तळाला गेली. जाईने तोंड मिटलं. किती महिन्यांनी ती नाकाने श्वास घेत होती.

हणमंताने धूळपारखेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. त्याचा चेहरा फुलला. मग बाह्या सारून त्याने कपाटाला खांदा लावला आणि ते भिंतीपासून ओढलं.

कुमुदने टकटक करायला बोटं दुमडली. टकटक ऐकून तो धावत येऊन दार उघडणार, आणि वाऱ्याबरोबर तिची धूळ पुन्हा आत जाणार. ओरडून सांगावं, तर काचेतून शब्द जात नव्हते. आता दोनच निळ्या पट्ट्या उरल्या होत्या, जाईची आणि त्याची. तो कोपरान् कोपरा पुसत होता, अगदी तिने शिकवलं होतं तसा.

तिने हात मागे घेतला. काचेवर तळव्याचा ठसा राहिला होता. ओढणीच्या टोकाने तिने तो पुसला, वरून खाली.